व्हरांड्यातली खुर्ची

कलावंतांना वर्षभराचं सरकारी अनुदान द्यायचं, तर निवड समितीने अर्ज बिननावाने वाचायचे, असा नियम होता. अर्जावर फक्त क्रमांक, आत दहा फोटो आणि पानभर मजकूर. पण कला अशी चहाटळ, की नाव झाकलं तरी धन्याचा पत्ता सांगून मोकळी होते. म्हणून दुसरा नियम. ज्याने कोणाचा हात ओळखला, त्याने उठून व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसायचं. त्या अर्जाला उरलेल्या दोघांचीच सरासरी धरायची.

समितीत तिघं होते. नाटकवाले काका, चित्रकार बाई आणि सगळ्यांत लहान ती, मातीची भांडी घडवणारी. काका सकाळपासून चारदा उठून गेले होते.

"काय करू? अर्ध्या गावाला स्टेजवर रडायला मीच शिकवलंय."

"आणि उरलेलं अर्धं गाव प्रेक्षकांत बसून रडतंय," चित्रकार बाई म्हणाल्या. समितीच्या सचिवांनासुद्धा हसू आवरलं नाही.

मग एकेचाळीस क्रमांकाचा अर्ज आला. पहिल्याच फोटोत राखेच्या झिलईचा एक कप. त्याचा कान खाली जिथे कपाला चिकटतो, तिथे अंगठ्याचा ठसा, डावीकडे साधारण तीस अंश कललेला. असा ठसा उमटवणारा अंगठा तिच्या माहितीत एकच होता. ताईचा. लहानपणी दारात चेंगरून तो वाकडा झाला होता. ताई तिची सख्खी बहीण नव्हे. ज्या कार्यशाळेत ती शिकली, तिथली थोरली शिष्या. माती चाकाच्या मध्यावर कशी आणायची हे गुरुजींनी सांगितलं होतं, पण शिकवलं ताईने, मागे उभं राहून, तिचे हात आपल्या हातांत धरून.

"कोणी ओळखलं का?" सचिवांनी विचारलं. हा प्रश्न ते प्रत्येक अर्जाला विचारत.

ती बसून राहिली.

काका आणि बाईंनी दहापैकी आठ-आठ गुण दिले. तिने चार दिले. शेरा लिहिला, 'कौशल्य आहे, पण हात सवयीने चालतो. शोध दिसत नाही.' आपल्या माणसाला झुकतं माप नको, असं तिने मनाला बजावलं. मनानेही मान डोलावली. मन काय, हवं ते ऐकवलं की डोलतं.

अनुदानं सहा होती. सहाव्या अर्जाची सरासरी सात आली. एकेचाळीसची सहा पूर्णांक सदुसष्ट. सातवा.

यादी फलकावर लागली. हरकतींसाठी दहा दिवस होते आणि तोवर परीक्षकांची नावं गुप्त राहणार होती. शेरे मात्र अर्जदारांना लगेच कळवले जात. चौथ्या दिवशी फोन आला.

"घाईबाई, आहेस का जिवंत?" शिकत असताना ती भट्टी निवायच्या आत दार उघडायची, तेव्हापासून ताई तिला घाईबाईच म्हणायची. "माझं अनुदान हुकलं गं. पण ये जरा, काहीतरी दाखवायचंय."

अनुदान मिळालं असतं तर ताई शाळेतले तास वर्षभर सोडणार होती, नुसत्या राखेच्या झिलया तपासण्यासाठी. अर्जात तसं लिहिलं होतं. हे आपल्याला ठाऊक असायला नको, हे ताईचा जिना चढताना तिच्या लक्षात आलं.

खोलीत फळीवर नवे कप वाळत होते. सगळ्यांचे कान गुळगुळीत. ठसा एकावरही नव्हता. खाली बादलीत न भाजलेले जुने कप पाण्यात विरघळत पडले होते. एकाचा कान अजून शाबूत होता. तिच्यादेखत तो अलगद सुटला आणि तळाला गेला.

"तेवीस होते," ताई म्हणाली. "शेरा वाचला तेव्हा आधी संताप आला. मग म्हटलं, लिहिणाऱ्याला माती कळते. तीस वर्षं हा अंगठा फिरतोय. मी कधी विचारलंय त्याला, बाबा रे, का फिरतोस? आता अंगठ्याऐवजी लाकडी पट्टीने दाबते. जमतंय का बघ."

तिने एक कप उचलला. दुकानात शंभर मिळतात, तसा होता. तिने तो परत फळीवर ठेवला.

"ताई, तो शेरा माझा आहे."

ताईने हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिली.

"तू होतीस समितीत? आणि ओळखलं नाहीस?"

"ओळखलं."

"किती दिलेस?"

"चार. बाकीच्यांनी आठ-आठ."

"चार!" ताईला हसूच फुटलं. "गुरुजी एवढे खडूस, पण त्यांनीसुद्धा मला पाचाच्या खाली कधी आणलं नाही." मग हसू ओसरलं. "एकच सांग. तुला खरंच तसं वाटलं का? वाटलं असेल तर मी पट्टीच वापरेन."

खोटं बोलणं किती सोपं होतं! 'वाटलं' म्हटलं असतं तर ती नुसती कडक परीक्षक ठरली असती.

"नाही वाटलं. माझ्या पहिल्या प्रदर्शनात तू माझी किटली उचललीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, दिसते झकास, पण चहा कपात कमी, टेबलावर जास्त पडेल."

"अगं, पडत होता!"

"माहितेय. पडतच होता."

मग ताईने पट्टी उचलून खिडकीत ठेवली.

"आधी तिकडे जाऊन सांग. इथे नंतर ये. कधी, ते मी कळवेन."

सचिवांनी तिचं बोलणं शब्दाशब्दाने लिहून घेतलं.

"कधी ओळखलंत?"

"पहिल्या फोटोत."

"मग उठला का नाहीत?"

"उठले असते तर गुण देता आले नसते."

त्यांनी तेही लिहिलं. समितीतून तिचं नाव कमी होणार हे त्यांनी सांगितलं, तेव्हा तिने नुसती मान हलवली. मग त्यांनी नवी सरासरी मांडली. एकेचाळीसचे आठ झाले. सात सरासरीचा, सतरा क्रमांकाचा अर्ज सहा जणांतून बाहेर पडला. तो कठपुतळ्या करणाऱ्या एका माणसाचा होता.

"त्यांना मी पत्र लिहू का?"

"नको," सचिव म्हणाले. "आता तुम्ही काही लिहू नका. सहीसाठी थांबा बाहेर."

ती व्हरांड्यात जाऊन वेताच्या खुर्चीत बसली. समोरच फलक होता. कारकुनाने टाचण्या काढल्या, जुनी यादी उतरवली आणि नवी लावली. बसल्या जागेवरून आकडे स्वच्छ दिसत होते. एकेचाळीस होता. सतरा नव्हता.

सतराला काकांनी सहा दिले होते, बाईंनीही सहा. तिने नऊ दिले होते, आणि ते अगदी मनापासून दिले होते.