धडा सुरू होण्याआधीची दहा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझा पडदा फुटला आहे आणि बिजागरी लोंबते आहे. वयाला बोल लावू नका. मला भिंतीवर आपटलं आहे.

तीन घरं फिरून मी एका मुलीकडे आलो. ती दवाखान्याच्या चादरी धुवायची आणि घरबसल्या माझ्यावर ऑनलाइन वर्गात दहावी करत होती. तिच्या मोठ्या भावाला ते बघवत नसे. धडा संपला की तो पट्टा काढायचा. वळ दिसू नयेत म्हणून ती माझा कॅमेरा बंद ठेवायची. मला फार वाईट वाटायचं.

शिकवणाऱ्या बाई हट्टी होत्या. आधी दहा मिनिटं सगळ्यांचे माईक चालू ठेवून नुसत्या गप्पा, मग धडा. शिवाय अभ्यासाला प्रत्येकाला वर्गातलाच एक जोडीदार. मुलीला मिळाले शेजारच्या गल्लीतले पाववाले काका. पन्नाशीचे, बोलण्यात पटाईत, गणितात ढ. तिची वही न्यायला ते कधीमधी दारात यायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी भाऊ आत आला.

"धडा सुरू झाला का?"

"नाही दादा, गप्पाच चालल्यात."

"मग ऐकतंय कोण?" माईक चालू आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने तिचे केस धरले आणि कपाळ टेबलावर आदळलं. एकदा, दोनदा. माझ्या बटणांवर रक्त सांडलं.

"सोड तिला!" वर्गातले वीस जण माझ्यातून एकदम ओरडले. भाऊ दचकला. त्याने मला उचलून भिंतीवर फेकलं. पडदा गेला, पण आवाज शाबूत होता.

"पोरी, मी निघालो!" काका म्हणाले.

ते आपल्या बेकरीतल्या दोन कारागिरांना घेऊन आले आणि दार लाथेने फोडलं. भावाने स्टूल हाणून काकांचं मनगट मोडलं. कारागिरांनी त्याला पोलीस येईपर्यंत जमिनीवर दाबून धरलं.

मुलीला सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी तिने पट्टी बांधून पेपर दिला. काकांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यांचं वर्ष गेलं. "गणिताला तेवढीच सवड," असं ते सगळ्यांना सांगत सुटले.

मित्रांनो, मला दुरुस्त केलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या वर्गात पडद्यावरची एखादी चौकट रोज काळी दिसत असेल, तर तिच्याशी बोला. ती गप्प राहिली, तर तिचं घर कुठे आहे ते विचारून ठेवा.