शून्य विलंबाची पेटी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर बुटांच्या खोक्याएवढी काळी पेटी, तिच्यावर निळा दिवा आणि शेजारी तिचे विक्रेते. त्यांना सगळे ‘कवचवाले सर’ म्हणत.

“आज कुणी तुमचे संदेश चोरून साठवले, तर उद्याचा क्वांटम संगणक त्यांची कुलपं सहज फोडेल,” सर सांगत होते. “आमचं कवच मात्र त्यालाही फुटणार नाही. आणि विलंब? शून्य.”

चोराला दिसणारी अगम्य अक्षरं पडद्यावर झळकली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आमची संस्था घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देते. त्यांचे कागद आमचं कार्यालय आणि गुप्त पत्त्यावरचं निवासगृह यांच्यात रोज इंटरनेटवरून ये-जा करतात. त्या जाळ्याची देखभाल माझ्याकडे.

सरांनी दाखवलेली भीती खरी होती, म्हणून तर थाप खपली. मी एवढंच म्हणालो, “नव्या पद्धतीच्या कुलपाची किल्ली मोठी असते. थोडा तरी वेळ जास्त लागायला हवा.”

“तुमचं विज्ञान जुनं झालं,” सर हसले. “क्वांटम पातळीवर वेळ नसतोच.”

संचालकबाई म्हणाल्या, “तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. एकदा तरी चांगलं बोला.”

दोन्हीकडे पेट्या बसल्या. एका दाराला दोन कुलपं कशाला, असं म्हणत सरांनी आमचं जुनं कूटलेखन, म्हणजे संदेश कुलूपबंद करायची सोय, बंद करायला लावलं. पेटीला हात लावला तर हमी रद्द, असा करार होता. मीही मग तपासून पाहिलं नाही.

आठ महिन्यांनी एका बाईचा नवरा निवासगृहाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. तो आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत लाइनचं काम करायचा. पहारेकरीण मध्ये पडली म्हणून त्याची बायको वाचली. पहारेकरणीचा हात मात्र मोडला.

“मी आईलासुद्धा पत्ता सांगितला नव्हता,” ती वाचलेली बाई मला म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. “तो फक्त तुमच्या कागदांत होता.”

दुसऱ्या दिवशी मी संचालकबाई, एक विश्वस्त आणि सरांना समोर बसवलं. पेटीतून बाहेर जाणाऱ्या तारेला माझा लॅपटॉप जोडला आणि बाईंना काहीही लिहून पाठवायला सांगितलं. ‘आज दूध कमी आलं,’ असं त्यांनी लिहिलं. तेच वाक्य जसंच्या तसं माझ्या पडद्यावर उमटलं. त्यासाठी पेटीला हातही लावावा लागला नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

“जुन्या पद्धतीत किल्ली बत्तीस बाइटची, नव्या पद्धतीत हजाराहून जास्त,” मी म्हणालो. “इथे किल्लीच जात नाही. खरं कवच चांगल्या लाइनीवर डोळ्याचं पातं लवायच्या आत काम उरकतं, कमजोर लाइनीवर जरा रेंगाळतं. या पेटीला वेळ लागत नाही, कारण ती कुलूप लावतच नाही.”

मग मी पेटी उघडली. आत तारा एकमेकींना जोडणारा एक साधा स्विच, एक पंखा आणि दिव्याची वायर. सभागृहातल्या पडद्यावरची अगम्य अक्षरं म्हणजे एक चित्र होतं, दर वेळी तेच.

“तुम्ही उघडलीत, त्यामुळे क्वांटम अवस्था बिघडली,” सर शांतपणे म्हणाले. विश्वस्तांनी मान डोलावली.

संचालकबाईंनी विचारलं, “या आठ महिन्यांत जे गेलं, ते परत कसं आणायचं?”

“नाही आणता येत. कुणाकुणाकडे प्रती आहेत, तेही कळणार नाही.”

तेवीस बायकांना दुसरीकडे हलवलं. आणखी तिघी आल्याच नाहीत. कुठेही गेलं तरी सापडणारच, असं म्हणून त्या आपापल्या घरी परतल्या. संस्थेची बदनामी नको म्हणून विश्वस्तांनी प्रकरण दाबलं. सरांची पेटी आता दुसऱ्या सभागृहांत टाळ्या घेते.

तोंडी विज्ञानाचे शब्द आले म्हणून थापेचं विज्ञान होत नाही. असा चमत्कार कुणी दाखवला, तर आधी मोजून बघा. तो चिडेल, तुमची माणसंही चिडतील. तरी मोजा, आणि वेळेवर मोजा. परतलेल्या तिघींपैकी एकीचा फोन आता लागत नाही.