एक्केचाळीस नंबरचं रसायन

सव्वीस वर्षं मॅडिसनच्या त्या प्रयोगशाळेत एन्झाइमांचा वेग मोजता मोजता वर्ना लिंडक्विस्टचे केस पिकले, पण छापील शोधनिबंधावर तिचं नाव एकदाही आलं नव्हतं. शेवटी आभाराची एक ओळ, तीही साहेबांची मर्जी असेल तर. यंदा मात्र नाव पक्कं होतं. एक्केचाळीस नंबरचं रसायन एन्झाइमला रोखून धरतं, हे तिनेच सहा महिने खपून दाखवलं होतं. प्रोफेसर गॉर्डन प्रुइटने निबंध लिहून ठेवला होता. सोमवारी तो पाठवायचा होता.

बुधवारी वर्नाने सहज म्हणून एन्झाइम दुप्पट घातलं, आणि एक्केचाळीसचा सगळा जोर ओसरला. खरा रोधक एन्झाइमच्या नेमक्या खाचेत जाऊन बसतो. थोडं एन्झाइम वाढलं म्हणून तो हात टेकत नाही. हे महाशय पाण्यात नुसते गोळे होऊन तरंगत असणार, आणि बिचारं एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटून बसत असणार. हे गोळे फुटावेत म्हणूनच अशा चाचणीत किंचित डिटर्जंट घालतात. इथे घालत नव्हते. फेसाने यंत्राचे आकडे चुकतात म्हणून गॉर्डनने ते बंद केलं होतं, आणि वर्नाने मुकाट मान डोलावली होती. त्या मान डोलावण्याचा तिला आता भयंकर राग येत होता.

शुक्रवारच्या बैठकीला गॉर्डनने स्वतः क्रिंगल, म्हणजे पेकनचे दाणे भरलेली मोठी गोड पेस्ट्री, आणलं होतं. वर्ना तीन परीक्षानळ्या आणि डिटर्जंटची एक बाटली घेऊन आली.

"हे काय गं? भांडी घासायला आलीस?" गॉर्डन हसला.

"हो. सहा महिन्यांची खरकटी साचलीत."

"वर्ना, जे काय असेल ते सोमवारनंतर बघू."

"सोमवारनंतर कोण बघतंय? तू?"

"अगं वेडे, तुझं नाव आहे त्या निबंधावर!"

"म्हणून तर आज बघायचंय."

एन्झाइमचं काम चालू असलं की पाणी पिवळं होतं. पहिल्या नळीत नुसतं एन्झाइम होतं, ती पिवळीजर्द. दुसरीत जुना, खात्रीचा रोधक आणि तिसरीत एक्केचाळीस. दोन्ही पाण्यासारख्या स्वच्छ. वर्नाने तिन्हींत डिटर्जंटचा एकेक थेंब सोडला. लोकांचं चघळणं थांबलं. दुसरी नळी होती तशीच राहिली. तिसरी मात्र बघता बघता पिवळी पडत गेली.

गॉर्डनने तिसरी नळी उचलून उजेडात धरली. मग म्हणाला, "सहा महिने गेले, वर्ना."

"माझेही गेले. आणि डिटर्जंट काढायला मी हो म्हटलं होतं, तेही लिहून ठेव. पण हे खोटं मी माझ्या नावाने बाहेर जाऊ देणार नाही."

"मग नाव कुठलं? निबंधच गेला."

मागच्या फळ्यावर सगळ्या रसायनांची यादी होती आणि एक्केचाळीसभोवती गॉर्डनने लाल वर्तुळ काढलं होतं. रसायन बाद करणाऱ्याने शेजारी आपलं नाव घालायचं, ही गॉर्डनचीच शिस्त. वर्नाने एक्केचाळीसवर आडवी रेघ मारली. इतकी वर्षं ती तिथे नुसती आद्याक्षरं टाकत आली होती. आज तिने लांबूनही दिसेल असं पूर्ण नाव लिहिलं, आणि मग येऊन क्रिंगलचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला.