सातच्या बातम्यांवरच्या पट्ट्या

मी एक जुना काळा-पांढरा टीव्ही आहे. माझी पेटी लाकडी आहे, तिला दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर आहे, आणि आवाजाचं बटण आता नुसतंच गोल फिरतं. मित्रांनो, आयुष्यात मला बरंच काही पाहायला मिळालं आणि त्यातलं पुष्कळसं समजलंही. पण १९९४ सालचे तीन आठवडे मला अजून धड समजलेले नाहीत. तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या पोटात तारा जोडल्या आणि एका साहेबांनी माझ्या काचेवर चौकटी-चौकटींचं चित्र तपासलं. १९८६ साली हवालदार हंबीरराव मला गोधडीत गुंडाळून एसटीने कडेगावला घेऊन आले. ते नुकतेच पलटणीतून निवृत्त झाले होते. पहिल्या रविवारी निम्मी गल्ली माझ्यासमोर बसली होती. जागा पुरेना म्हणून काही जण खिडकीत उभे राहिले. हंबीररावांच्या पत्नी राहीबाई माझं शटर रोज मऊ फडक्याने पुसत. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

पुढे गल्लीत रंगीत टीव्ही आले आणि माझ्यासमोरची गर्दी आटली. मला एकच काम उरलं. सातच्या बातम्या. हंबीररावांचा मुलगा वीरधवलही सैन्यात गेला होता आणि त्याची नेमणूक काश्मीरला होती. राहीबाईंना वाचता येत नव्हतं. पत्रं उशिरा यायची. म्हणून त्या बरोबर सातला माझ्यापासून दोन हातांवर जमिनीवर बसत आणि बातम्या संपेपर्यंत हलत नसत.

त्या वर्षी जानेवारीत माझ्या काचेवर पट्ट्या येऊ लागल्या. तिरक्या, नागमोडी, वरून खाली सरकणाऱ्या. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा त्या पट्ट्यांत तुटायचा आणि आवाजात घरघर मिसळायची. कधी कधी तर त्या बाईंच्या मागून कुणीतरी चालत गेल्यासारखं वाटायचं. फेटे बांधलेली माणसं. मांडवाचा खांब. एखादी हसणारी बाई. हे दूरदर्शन पाठवत नव्हतं एवढं मला कळत होतं. मग ते येत कुठून होतं? मला वाटलं, माझं वय झालं आणि आता मला भास होऊ लागले.

हंबीरराव कौलांवर चढून अँटेना फिरवू लागले.

"आलं का?" ते वरून विचारत.

"न्हाई," राहीबाई खालून सांगत.

"आता?"

"आता लयच बिघडलं. हुतं तसंच ऱ्हाऊ द्या."

मग त्यांनी माझ्या डोक्यावर थापा मारल्या. एक-दोनदा पट्ट्या योगायोगाने कमी झाल्या, त्यामुळे थापा वाढल्या. शेवटी दुरुस्तीवाले बाळासो आले. त्यांनी माझी पाठ उघडली, दोन कंडेन्सर बदलले, दुपारच्या उजेडात चित्र लावून बघितलं. ते स्वच्छ होतं. संध्याकाळी पुन्हा पट्ट्या. बाळासो परत आले आणि मान हलवून म्हणाले, "पिक्चर ट्यूबच चाललीया, आबा. आता ह्याच्यात काय राम न्हाई. सोमवारी घिऊन जातो, पार्ट तरी कामाला येतील."

मला तेही खरंच वाटलं.

त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ. बातम्यांत बाई म्हणाल्या, "काश्मीरमध्ये लष्कराच्या एका वाहनाला..." आणि पुढचं सगळं घरघरीत बुडालं. पट्ट्या दाट झाल्या. त्यांच्या आडून एक चेहरा वर आला. तरुण, मिशा नुकत्या फुटलेल्या, सरळ समोर बघणारा. दोन-तीन श्वास थांबला आणि बाजूला सरकत गेला.

राहीबाईंनी माझ्या काचेवर हात ठेवला. "आवं, वीर हुता," त्या म्हणाल्या.

हंबीरराव उठून जवळ आले. तोवर काचेवर नुसत्या पट्ट्या होत्या.

"काय बी बोलू नगंस."

"माझं पोरगं मी वळखत न्हाई व्हय? बातमीत त्याचं तोंड दावलं. गाडीचं सांगत हुते आन् त्याचं तोंड दावलं."

बातमीत साध्या शिपायाचा चेहरा केव्हा दाखवतात, हे दोघांनाही माहीत होतं. मला मात्र काहीच कळत नव्हतं. चेहरा मी दाखवला होता, हे नक्की. पण तो मला कुणी दिला, हे मी स्वतःलाच सांगू शकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर जाऊन आले. पलटणीचा फोन लागला नव्हता. पोस्टमन सोपान दारावरून जाताना म्हणाले, "वैनी, तिकडनं आज काय न्हाई." राहीबाईंनी त्यांना उंबऱ्यातच चेहऱ्याची गोष्ट सांगितली. गल्लीत ज्यांना ज्यांना सांगितली होती, त्यांनी नजर चुकवली होती. सोपान मात्र सायकल भिंतीला लावून सगळं ऐकत राहिले.

"माझी लेक दीक्षा इस्लामपूरला आयटीआयला हाय," ते म्हणाले. "रेडिओ-टीव्हीचंच शिकतीया. वर्गात एकटीच पोरगी. रविवारी घरी येती, तिला लावून देतो."

रविवारी संध्याकाळी दीक्षा आली. पिशवीत एक टेस्टर आणि एक वही. मला वाटलं, आता पुन्हा पाठ उघडणार. पण तिने मला हातही लावला नाही. आधी राहीबाईंना विचारलं, "काकू, ह्या पट्ट्या दिवसभर असत्यात का?"

"न्हाई. साडेसहा-पावणेसातला येत्यात, आठला जात्यात."

"सकाळी कवाच न्हाई?"

"कवाच न्हाई."

"मग हा टीव्ही घड्याळ बघून आजारी पडतोय का?" असं म्हणून ती थोडी हसली आणि पावणेसातची वाट बघत बसली.

पट्ट्या आल्या. दीक्षाने माझ्या पाठीतून अँटेनाची चपटी वायर काढली. त्याबरोबर पट्ट्या गेल्या. काचेवर नुसत्या पांढऱ्या मुंग्या उरल्या. तिने वायर लावली, पट्ट्या आल्या. काढली, गेल्या.

"आबा, दोष ह्याच्या पोटात असता तर वायर काढल्यावर बी पट्ट्या दिसल्या असत्या," ती म्हणाली. "ह्याला काय झालेलं न्हाई. हे वरनं येतंय."

मित्रांनो, तीन आठवड्यांत माझ्या बाजूने बोललेलं ते पहिलं माणूस.

ती अंगणात गेली आणि वर बघत राहिली. आमच्या अँटेनापासून सात-आठ फुटांवर समोरच्या नानासोंची अँटेना होती. नानासो साखर कारखान्यात कामाला. बायको वारलेली. एकुलती एक मुलगी सृष्टी गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन बेळगावकडे गेली होती. तेव्हापासून ते कुणाकडे फारसे बसत-उठत नसत. कामावरून आले की खिडकी लावून घेत. दीक्षाने जाऊन दार वाजवलं. गल्ली अरुंद, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"नाना, घरात व्हिसीआर हाय का?"

"हाय. गेल्या महिन्यात जावयानं आणून दिला. का?"

"आता चालू हाय? जरा बंद करता का?"

माझ्या पट्ट्या क्षणात गेल्या. "गेल्या," राहीबाईंनी आतून सांगितलं.

"आता लावा."

"आल्या."

असं तीनदा झालं. मग नानासो चिडले. "माझा व्हिसीआर नवाकोरा, डबा त्यांचा जुना, आन् दोष माझ्यावर?"

"तुझ्या व्हिसीआरपायी माझ्या पोराची बातमी गेली, नानासो," हंबीरराव बाहेर येऊन म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

दीक्षा मधे उभी राहिली. "मशीन चांगलं हाय, वायर चुकीच्या भोकात हाय. टीव्हीला जायची ती अँटेनाला लागलीया. म्हणून नानांच्या कॅसेटचं चित्र त्यांच्या अँटेनातनं हवेत जातंय, आन् तुमची अँटेना ते धरतीया. दोन्हींचा चॅनल बी एकच हाय."

मग राहीबाई माझ्यासमोरून उठल्या आणि गल्ली ओलांडून गेल्या.

"भावजी, कसली कॅसेट बघत हुतासा?"

नानासोंचा आवाज उतरला. "सृष्टीचं लगीन. रोज तेवढंच लावतो, वैनी. दुसरं काय बघू?"

पुढचं मी पाहिलं नाही, राहीबाईंकडून ऐकलं. त्या कॅसेटमध्ये वीरधवल होता. सुट्टीवर आला असताना त्याने त्या लग्नात पंक्तीला जिलेबी वाढली होती. कॅमेरा समोर आला तेव्हा जिलेबीची बुट्टी हातात धरून तो सरळ बघत उभा राहिला होता. राहीबाईंनी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. नानासोंनी दर वेळी मागे घेऊन लावला.

दीक्षाने वायरी बदलल्या, व्हिसीआरच्या पाठीवरचा चॅनलचा खटका सरकवला, आणि माझी काच स्वच्छ झाली. सोमवारी बाळासो आले ते रिकाम्या हाताने परत गेले.

पण माझी गोष्ट इथे संपत नाही. गुरुवारी सोपान आले आणि न विचारता आत येऊन बसले. पत्र वीरधवलचं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. बातमीतली गाडी त्याच्याच कंपनीची होती. तो त्याच गाडीत होता. पाय मोडला होता, इस्पितळात होता, पण सुखरूप होता आणि महिन्याभरात सुट्टीवर येणार होता. राहीबाईंनी पदराने डोळे पुसले. हंबीररावांनी पत्र स्वतः पुन्हा एकदा वाचलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत बसले.

त्या संध्याकाळी मी राहीबाईंना खोटं दाखवलं की खरं? चेहरा तर जिलेबी वाढणाऱ्या पोराचा होता. पण बातमीही त्याचीच होती. दीक्षाने वायरींचं सगळं समजावलं, तरी एवढं एक मला सुटत नाही.

त्यानंतर नानासो सातला आमच्याकडे बातम्या बघायला येऊ लागले. बातम्या संपल्या की राहीबाई त्यांच्याकडे थोडं लग्न बघायला जात. मी बंद असायचो, आणि त्याचं मला वाईट वाटत नसे.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू नीट चालेनाशी झाली तर तिला थापा मारू नका. आधी वायर काढून बघा, दोष कुठून येतोय ते शोधा. आणि समोरच्या घरात रोज एकच कॅसेट लागत असेल, तर एकदा जाऊन दार वाजवा.