एकवीस ठिगळांची मच्छरदाणी

मित्रांनो, माझ्या अंगावर एकवीस ठिगळं आहेत आणि त्यातली वीस विनाकारण लावलेली आहेत. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नाही, म्हणून आज मीच सांगते. मी एक जुनी मच्छरदाणी आहे, आणि खरं सांगायचं तर फार थकले आहे.

सुलोचनाबाईंनी तळेगावच्या बाजारातून पांढऱ्या जाळीचं कापड आणलं आणि पायमशीनवर मला शिवलं. त्यांचे यजमान रूपराव संत्र्याच्या बागेत राखणीला झोपायचे. रोही, म्हणजे नीलगायी, झाडांचे कोवळे शेंडे खातात, रानडुकरं ठिबकच्या नळ्या उचकटतात, तेव्हा माणूस बागेत हवाच. पण पावसाळ्यात काळ्या मातीत बाजेचे पाय रुतायचे आणि खाली झोपावं तर सापाची भीती. म्हणून रूपरावांनी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, दोन कडुनिंबांमध्ये पातळ नायलॉनचा झुला टांगला. त्याच्यावर दोरी ताणून मला पसरलं. बाजेवर असते तर मला गादीखाली खोचलं असतं. इथे माझ्या कडा झुल्याच्या काठांना चिमट्यांनी लावल्या. वरून मुंगीलाही वाट नव्हती. खालून मात्र झुल्याचं ते पातळ कापड आणि त्याला टेकलेली रूपरावांची पाठ, एवढंच होतं.

पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी रूपराव घरी जाऊन कुरकुरले, "काय व, तुह्या जाळीले कुठी तरी भोक हाय. मच्छराईनं फोडून काहाडलं मले."

सुलोचनाबाईंना ते फार लागलं. त्यांनी चष्मा चढवला, मला उन्हात धरलं आणि जिथे धागा जरा विरळ वाटला तिथे ठिगळ मारलं. मी काय बोलणार? ठिगळ मुकाट्याने लावून घेतलं.

हिवाळ्यात रूपराव पाठीखाली जाड गोधडी घालायचे. मग एकही डास चावायचा नाही आणि गोधडीचं कौतुक माझ्या वाट्याला यायचं. उन्हाळ्यात मी वारा अडवते म्हणून मला गुंडाळून फांदीवर टाकायचे. तिथे धूळ खात मी पडून राहायचे. मृग लागला की पुन्हा मीच गुन्हेगार.

पुढे रूपरावांनी कुरकुर बंद केली. पण ताप काही बंद झाला नाही. दर तापाबरोबर सुलोचनाबाई मशीनवर बसायच्या. एकदाच शेकोटीची ठिणगी उडून मला खरं भोक पडलं, ते एक ठिगळ तेवढं कामाचं.

गेल्या वर्षी भादव्यात मलेरियाने रूपरावांना आर्वीच्या दवाखान्यात आठ दिवस झोपवलं. पुलगावहून मुलगा आला, अंकुश. तो म्हणाला, "बा, आता आणखी एकदा ताप आला तर मी आयकणार नाई. बाग ठेक्यानं देऊन टाकू अन् तुमी दोघं माह्याकडं चला." रूपराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ती झाडं त्यांनी रोपापासून वाढवली होती.

घरी आल्यावर दोनच दिवसांत ते बागेत आले. चालताना धापा टाकत होते. दुपारी सुलोचनाबाईंनी कोमट पाण्यात फडकं भिजवलं आणि त्यांचा सदरा वर केला. मी दोरीवर होते, सगळं पाहत होते. हातावर काही नाही, मानेवर काही नाही. पाठ मात्र खांद्यापासून कमरेपर्यंत लाल गांध्यांनी भरलेली, जुन्या खुणा काळ्या पडलेल्या.

"हे काय? काऊन सांगतलं नाई?"

"काय सांगू? सांगतलं का तू मशीनवर बसतं. डोळे तुहे आंधीच कमजोर. तुले अजून एक ठिगळ लावा लागलं असतं."

सुलोचनाबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्या रडल्या, आणि लपवलंही नाही.

दिवस मावळताना त्या स्वतः झुल्यात आडव्या झाल्या, मला वरून नीट लावून घेतलं. थोड्या वेळात पाठीखालून सुई टोचावी तसं टोचलं. त्या उठून बसल्या.

"आवो, हे तं खालून चावून राह्यले! जाळीचा काही कसूर नाई."

मित्रांनो, अकरा वर्षांनी सुटका झाली, तरी मला आनंद झाला नाही. नुसतं हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उसवलं, खालच्या बाजूने नवी जाळी जोडली, बाजूला चेन लावली. आता मी झुल्याला सगळीकडून वेढते आणि त्याच्या खाली वीतभर सैल लोंबते, म्हणजे डासाची सोंड पाठीपर्यंत पोचतच नाही.

यंदाचा पावसाळा साधा ताप-खोकलाही न येता गेला. दिवाळीत अंकुश आला, बापासोबत बागेत फिरला. ठेक्याचा विषय काही त्याने काढला नाही.

मला धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवा, असं मी सांगणार होते. पण ते तुम्हाला ठाऊक आहे. माझं मागणं वेगळं आहे. घरातलं एखादं माणूस तक्रार करायचं थांबलं, तर त्याचं दुखणं थांबलं असं समजू नका. जवळ बसा, सदरा वर करा आणि एकदा त्याची पाठ पाहा.