रोटातलं नाव

रजनीबाईंच्या वर्गात क्रांती म्हणजे दोन रकाने. डावीकडे कारणं, उजवीकडे परिणाम. अमेरिका, फ्रान्स, रशिया, आपलं सत्तावन्न, सगळी उलथापालथ सुरतेतल्या डिंडोलीच्या मराठी शाळेच्या फळ्यावर कशी गपगुमान बसलेली! परवा सुरतेचाच धडा निघाला होता. इंग्रजांनी बंगालची वजनमापं शहरावर लादली, सुरतकरांनी बहिष्कार घातला, आणि सरकारला ती मागं घ्यावी लागली. एका मुलीनं विचारलं, "बाई, पण पहिलं 'नाही' कुणी म्हटलं?" रजनी म्हणाली, "ते परीक्षेला येत नाही."

आणि शनिवारी मोठ्या दिरांच्या घरी कानबाईचा रोट, देवीचा वर्षाचा नैवेद्य, दळायचा होता. खानदेशी माणसाचं गाव सुटलं, बोलण्यात गुजराती घुसलं, पण कानबाई काही सुटली नाही. रजनीच्या सासरची रीत अशी, की घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे. मग बायांनी उपाशीपोटी ते जात्यावर दळायचे. ज्याचं नाव पडलं तो घरचा. दळण सुरू झालं की नवं नाव घालता येत नाही.

मोठे दीर गणपतभाऊ नावं घेत होते. स्वतःचं, मुलाचं, पाळण्यातल्या नातवाचंसुद्धा. मग त्यांनी हात झटकले. "झालं. बसा दळायला."

"आणि आमच्या घरचं?" रजनीनं विचारलं.

तिचा नवरा प्रकाश हजीऱ्याच्या कारखान्यात होता. तो गेला, त्या वर्षी दुखवट्यामुळं कानबाई बसलीच नाही. आता तिच्या घरात ती आणि नववीतली लेक मयुरी.

"तुमच्याकडनं आता कोण आहे?" भाऊ अगदी सहज म्हणाले. माणूस वाईट नव्हता हो, तिथंच तर पंचाईत होती.

"मयुरी आहे की."

"पोरीचं नाव कधी पडलंय का रोटात?"

दारात उभ्या मयुरीनं मान खाली घातली. रजनीनं ते पाहिलं. नवरा गेला तो गेला, आता घरसुद्धा पुसून टाकताय? तिला भयंकर राग आला, पण आवाज मात्र चढला नाही.

"मग मी दळणार नाही," ती म्हणाली आणि जात्यापासून उठली.

"अहो टीचर, हा काय तुमचा वर्ग आहे?" भाऊ हसले. "एक हात नसला म्हणून अडतंय थोडंच!"

जात्याशी थोरली जाऊ शोभाबाई बसली होती. तिनं खुंटा धरला, पण फिरवला नाही. "मी आजवर आपल्या लेकीचं, रश्मीचं नाव मनातल्या मनात घेत आले," ती नवऱ्याला म्हणाली. "कंटाळा आला मला त्याचा." आणि तीही उठली.

"देवीचा कोप होईल!"

"मग तुम्ही दळा ना," शोभाबाई म्हणाली.

भाऊंनी आईकडं पाहिलं. रोटाच्या बाबतीत खाटेवरच्या धुरपदाबाईंचा शब्द शेवटचा. गुडघ्यावर हात रेटत म्हातारी उठली. आता आपली काही धडगत नाही, असं रजनीला वाटलं. पण ती जागची हलली नाही.

म्हातारीनं गव्हाचं सूप तिच्यापुढं सरकवलं. "टाक. मयुरीनी मूठ टाक. रश्मीनी बी."

रजनीनं दोन्ही नावं खणखणीत घेतली. गहू परातीत पडले. मयुरी दारातून आत आली. म्हातारीनं मात्र सुपाची कड सोडली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून या घराचा रोट ती दळत होती.

"गणपत," ती म्हणाली, "आते मन्ही मूठ टाक."

 भाऊ खाली बसले, मूठ भरली. आईचं नाव त्यांनी जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. ओठ हलले, "धुरपदाबाई," पण ते शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही.

"जोरमा बोल," म्हातारी म्हणाली. "देवीले आयकू जाऊ दे."