अकरा नंबरच्या बोटीची यादी

"जहाज बुडायला लागलं, तर आधी सोनेरी कार्डवाल्यांना उतरवतात का?"

हा प्रश्न माझा नाही. चष्मिस आणि वकिलीण या माझ्या दोन मैत्रिणींनी तो वहीच्या पानावर लिहून, चौकोनी घडी घालून माझ्या कंपासपेटीत ठेवला होता. अटी तीन. गणवेशातल्या माणसालाच विचारायचा, चार लोकांना ऐकू जाईल असा विचारायचा आणि आधी किंवा नंतर 'सॉरी' म्हणायचं नाही. कच खाल्ली तर वर्षभर दोघींची दप्तरं मी तिसऱ्या मजल्यावर चढवायची.

मी कच खाणार याची त्यांना खात्रीच होती, आणि त्यात त्यांची चूक नाही. गेल्या वर्षापर्यंत मी 'हजर' इतकं हळू म्हणायचे की मी समोर बाकावर बसलेली असताना बाईंनी मला दोनदा गैरहजर मांडलं होतं. मग वक्तृत्व स्पर्धेला कुणीच नाव देईना म्हणून बाईंनी माझं घातलं, आणि इतकी वर्षं माझ्या पोटात काय काय साठलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. पहिला नंबर. तेव्हापासून बाबा मला भोंगा म्हणतात.

तर, जहाज. माझी आई एका प्रवासी जहाजावर इस्त्रीखान्याची प्रमुख आहे. सात महिने समुद्रावर, दोन महिने घरी. दोन वर्षांतून एकदा कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना तीन दिवसांच्या फेरीवर नेतात, आणि या वेळी बाबांनी त्यांचं शिलाईचं दुकान बंद ठेवलं, दारावर 'माप घेणे सोमवारनंतर' अशी पाटी लावली आणि आम्ही दोघं निघालो.

जहाजावर माणूस कार्डाच्या रंगाने ओळखतात. सोनेरी, मग रुपेरी, मग पांढरं. आमचं निळं, म्हणजे कर्मचाऱ्यांचे पाहुणे. निळ्याच्या खाली फक्त मासे. सोनेरीवाल्यांना जहाजात शिरायला वेगळं दार, वेगळी लिफ्ट, पोहायला वेगळा तलाव आणि तिथल्या खुर्च्यांवर चक्क त्यांची नावं. त्यांच्या मजल्यावर गालिचा बदलतो. जिथे बदलतो तिथे एक दोरी लावलेली आहे, आणि बाबांनी दोरीच्या अलीकडून वाकून, अंगठ्याने दोन्ही गालिचे चाचपून पाहिले. "वरचा जाड आहे," ते म्हणाले, "पण पडदे एकच कापड. त्यांचे सुलट शिवलेत, आपले उलट."

आमच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीवर समुद्राचं चित्र होतं आणि त्याला ते उलट कापडाचे पडदे. मी ते उघडून, बाहेर बघून, परत बंद केले. बाबा खूप हसले.

आई आली ती धावतपळत, दहा मिनिटांची सुट्टी काढून. मला घट्ट धरलं, बाबांची कॉलर सरळ केली आणि मग एकदम सांगून टाकलं की तिला सोनेरी मजल्याची प्रमुख करताहेत. खिडकीवाली खोली, आणि घरच्यांना निळ्याऐवजी सोनेरी कार्ड. उत्तर उद्या सकाळी आठ वाजता द्यायचं. तिचं वाक्य संपायच्या आत मी 'हो' म्हणून मोकळी झाले होते. मनातल्या मनात मी वकिलिणीला माझ्या नावाच्या खुर्चीचा फोटोसुद्धा पाठवून टाकला होता. बाबा म्हणाले, तुझं काम, तुझं तू ठरव. आईने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "बघू. आता ड्रिल आहे, मला पळायला हवं." ती खूश दिसत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी खूश होते ना, मग मी पुढे विचारलंच नाही.

ड्रिल म्हणजे जहाज सुटायच्या आधी प्रत्येकाने आपापल्या जीवरक्षक बोटीखाली जाऊन उभं राहायचं आणि हजेरी द्यायची. भोंगा वाजला, सात छोटे आणि एक लांब. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी नाही.

आमच्या कार्डाच्या मागे ११ छापलेलं होतं. बोट कार्डाच्या रंगावर ठरत नाही, तुमची खोली जहाजाच्या कुठल्या भागात आहे त्यावर ठरते. त्यामुळे अकरा नंबरखाली सगळ्या रंगांची भेळ झाली होती. माणसं दीडशेच्या आसपास. डोक्यावर एसटीएवढी मोठी नारिंगी बोट टांगलेली, आणि तिच्याखाली उंच पायरीवर, नारिंगी जाकीट घालून, हातात यादी घेऊन माझी आई.

ड्रिलच्या वेळी तिला काहीतरी काम असतं हे मला माहीत होतं. मला वाटायचं टॉवेल वाटत असेल. बाबा मला कोपराने ढोसत राहिले, जणू ती मला दिसतच नव्हती.

आईने प्रत्येक खोलीचा नंबर वाचला, माणूस डोळ्यांनी पाहिला आणि मगच खूण केली. घरी ती कधी ओरडत नाही, इथेही ओरडली नाही, पण शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही ऐकू जात होतं. मी वक्तृत्वाचा पहिला नंबर काढलाय, त्यामुळे मला कळतं, हे सोपं नाही.

एक नाव राहिलं. सोनेरी मजल्यावरचे कुणी साहेब. त्यांची बायको आली होती, ते नव्हते. मग चकचकीत बुटांचा एक मॅनेजर आला आणि आईच्या कानाशी लागला. मी पहिल्या रांगेत होते, मला सगळं ऐकू आलं. साहेब विश्रांती घेताहेत, त्यांना मी खोलीतच समजावून सांगतो, तुम्ही खूण करून टाका.

"ते आले की करते, सर," आई म्हणाली.

"उद्या आठ वाजता तुमच्या उत्तराची वाट बघतोय मी. लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे, सर. ते आले की करते."

तेवढ्यात कर्ण्यावरून सांगितलं की बाकी सगळ्या बोटींची हजेरी पूर्ण, अकरा नंबर शिल्लक. म्हणजे अख्खं जहाज आमच्यासाठी, म्हणजे आईसाठी, थांबलं होतं. लोक कुरकुरायला लागले. मूल कडेवर घेतलेल्या एक बाई म्हणाल्या, पाय दुखले आता. पांढऱ्या कार्डाचे एक काका मोठ्याने म्हणाले, "अहो बाई, मारा की एक टिक. काय फरक पडतो?"

मॅनेजर हात मागे बांधून उभा होता. आईच्या मानेवर लाल चट्टा उठला होता. शाळेच्या निबंधात मी याला आणीबाणीचा क्षण म्हटलं असतं, पण तेव्हा मला एवढंच कळलं की आई एकटी पडलीय आणि माझ्या खिशात एक प्रश्न आहे. गणवेशातला माणूस, समोर आहे. चार लोक, दीडशे आहेत. कंपासपेटीतून खिशात आलेली ती घडी मी मुठीत घट्ट धरली.

"मॅडम," मी म्हटलं. आईला मॅडम. "जहाज बुडायला लागलं, तर आधी सोनेरी कार्डवाल्यांना उतरवतात का?"

बाबांचा आ वासलेला. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती इतर कुठल्याही प्रवाशाकडे बघेल.

"या यादीत कार्डाचा रंग लिहिलेला नाही," ती म्हणाली. "खोलीचा नंबर आहे. आधी कोण, नंतर कोण, असं नसतं. सगळे मोजून झाले की बोट खाली जाते. एक माणूस कमी भरला, तर माझ्या माणसांपैकी एक जण त्याला शोधायला आत जातो. आज मी न बघता खूण केली, तर त्या दिवशी त्या साहेबांना आपली बोट कुठली ते माहीत नसेल. आणि त्यांना शोधायला गेलेला माझा इस्त्रीवाला आत राहील. त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघतं."

मग तेच पांढरे काका घसा साफ करून म्हणाले, थांबू या, एवढी काय घाई आहे. मूलवाल्या बाईंना कुणीतरी टेकायला जागा दिली. मॅनेजर फोन कानाला लावून बाजूला गेला.

साहेब आले ते पांढऱ्या झग्यात, पायात सपाता. त्यांनी विचारलं, आमची रांग कुठली?

"हीच," आई म्हणाली. "रांग एकच आहे."

ते येऊन उभे राहिले, नेमके माझ्या आणि बाबांच्या मध्ये. आईने जाकीट कसं घालायचं ते त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. साहेबांना ते जमेना. बाबांच्याने राहवेना, कारण पिळलेला पट्टा दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. "थांबा साहेब, पट्ट्याला पीळ बसलाय," म्हणत त्यांनी तो सोडवला, खेचला आणि सवयीने मागे होऊन फिटिंग कसं बसलंय ते पाहिलं. आईने नंबर वाचला, साहेबांकडे पाहिलं, खूण केली आणि हात वर केला. "अकरा पूर्ण."

जहाज सुटलं.

संध्याकाळी आईने आम्हाला कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात नेलं. तिथे जाईपर्यंत मला जे दिसलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. अरुंद बोळातून स्वयंपाकी, सफाईवाले, इंजिनघरातले तेलकट हातांचे लोक, सगळे आईला वाट देत होते, आणि कुणी तिला नावाने हाक मारत नव्हतं. "काय अकरा, आज जहाज थांबवलंत म्हणे?" एकाने तर माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही का ती मॅडम म्हणणारी?

जेवताना एकेक बाहेर आलं. बोटीच्या प्रमुखाची परीक्षा असते. आई दोनदा नापास झाली होती, एकदा बोटीचं इंजिन सुरू करताना आणि एकदा अंधारात माणसं मोजताना. तिसऱ्यांदा पास. आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं, कारण आधी नापास झाल्याचं सांगावं लागलं असतं. आणि सोनेरी मजल्याच्या प्रमुखाला बोट मिळत नाही. त्याने फक्त आपल्या मजल्यावरच्या पाहुण्यांना खाली आणून दुसऱ्याच्या हवाली करायचं. साहेबांनी तक्रार लिहून दिली होती, तरी मॅनेजर म्हणाला होता की जागा तुमचीच आहे. वर आलात की ही बोटीची कटकटही सुटेल.

"मी उद्या हो म्हणणार आहे," आई ताटाकडे बघत म्हणाली. "दोन वर्षांतून तीन दिवस येता तुम्ही. ते तरी खिडकीतून समुद्र बघा. हिला केवढी हौस आहे वरची."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी गप्प. वर्षभरात पहिल्यांदाच. "भोंगा बिघडला वाटतं," ते हळूच म्हणाले.

बिघडला नव्हता. जुळवाजुळव चालली होती.

सकाळी साडेसातला आई कडक इस्त्रीच्या गणवेशात आमच्या खोलीत आली. मॅनेजरकडे जायच्या आधी नुसतं तोंड दाखवायला. बाबा दाढी करत होते, अर्ध्या गालाला फेस. मी चित्रातल्या समुद्राचे पडदे उघडले आणि पलंगावर उभी राहिले, कारण असल्या गोष्टी बसून सांगता येत नाहीत.

"आई, बाबा, मी ठरवलंय. पुढच्या वेळी मला निळंच कार्ड हवंय आणि त्याच्या मागे अकराच हवेत, आणि पायरीवर तूच हवीस. तेव्हा तू आत्ता जाऊन त्या चकचकीत बुटांना काय सांगायचं ते सांग, पण माझ्या नावावर हो म्हणू नकोस. आणि दुसरं. अठरा पूर्ण झाली की मी बोटीची परीक्षा देणार. दोनदा नापास झाले तरी तिसऱ्यांदा देणार, आणि घरी सांगून देणार. बाबा, हसू नका, फेस पडतोय. मला पोहता येत नाही हे मला माहीत आहे. पोहणं सोमवारपासून."